मुठींची पिशवी

यवतमाळात आमची पाच मजली इमारत उभी राहिली तेव्हा तिच्यातलं लिफ्टपेक्षा मोठं कौतुक कचऱ्याच्या पाइपाचं होतं. बिल्डर त्याला शूट म्हणायचा, आम्ही पाइपच म्हणायचो. गच्चीपासून तळापर्यंत सरळ उभा, माणूस आत बसेल एवढा रुंद. प्रत्येक मजल्यावर जिन्याजवळ भिंतीत एक लोखंडी झडप आणि झडपेला पितळी मूठ. मूठ फिरवायची, झडप ओढायची, पिशवी ठेवायची, लोटायची. मग कान देऊन उभं राहायचं. पिशवी तळाच्या खोलीत आदळल्याचा आवाज इतक्या उशिरा यायचा की मधल्या वेळात आपण काहीतरी परत न मिळणारं टाकलं आहे असं वाटायचं. पांढरकवड्याहून आलेल्या माझ्या सासूबाई जेवण झाल्यावर केळ्याची सालं एकेक करून टाकायच्या.

मी कशाने हरखून जाणारी बाई नाही. सरकारी कचेरीत नोकरी, घरी दोन मुलं, आणि कोणी तयार नव्हतं म्हणून गळ्यात पडलेलं सोसायटीचं सचिवपद. पण ताबा घेतला त्या हिवाळ्यात, इमारत अजून रिकामी असताना, मी पाचव्या मजल्यावरची झडप उघडून आत कागदाचा कपटा टाकला होता. तो खाली गेला नाही. तोंडासमोर थरथरत थांबला आणि वर निघून गेला. तळाचं दार उघडं होतं आणि गच्चीवरची चिमणी उघडी, त्यामुळे वारा वर ओढला जात होता, एवढं मला कळत होतं. तरी मी तिथे बराच वेळ उभी राहिले.

हा पाइप साफ ठेवायचं काम चौकीदाराच्या बायकोचं. दोघं तांड्यावरची, बंजारा. चौकीदार आधी प्रेसिंग फॅक्टरीत कापसाच्या गाठी उचलायचा. कापसाचे वाईट दिवस सुरू झाले, प्रेसिंगवरचं काम आटलं, तेव्हा तो आमच्याकडे आला. पार्किंगच्या कडेला त्यांची खोली होती. चौकीदारीण उंच, हाडापेराने मोठी, आणि तोंडाने त्याहून मोठी. आमच्याशी वऱ्हाडी बोलायची, नवऱ्यावर चिडली की गोरबोलीत शिरायची. मी तिला वहिनी म्हणायची, ती मला मॅडम.

दर मंगळवारी सकाळी सफाई. चौकीदार गच्चीवरून दोराला बांधलेला मोठा ब्रश सोडायचा, मागून सोड्याचं गरम पाणी. ब्रश वरखाली करून झाला की चौकीदारीण तळाच्या खोलीत जायची, पाइपाच्या तोंडाखाली वाकायची, मान वर करून आत पाहायची, आणि काठाला चिकटलेलं खरवडून काढायची. म्हणजे पाच मजले उंच नळीच्या बरोबर खाली तिचं डोकं असायचं. वर कोणीही, कधीही, मूठ फिरवू शकत होतं.

एका मंगळवारी कोणीतरी पूजेचा नासका नारळ टाकला. तो तिच्या कानाजवळून गेला आणि खांद्यावर बसला. हाड मोडलं नाही. चार अंगुळं इकडे पडला असता तर मी हे वेगळ्या तऱ्हेने लिहिलं असतं. नारळ कोणाचा हे कधीच कळलं नाही. चौकीदारीण म्हणाली, देवाचा होता, देवानेच टाकला असेल.

त्याच आठवड्यात मी मीटिंग बोलावली. सूचनांचे कागद लावून उपयोग नाही हे मला कचेरीत बसून पुरतं कळलं होतं. कागद वाचणारा टाकत नाही आणि टाकणारा वाचत नाही. मी म्हटलं, सफाईच्या वेळी सगळ्या झडपांच्या मुठी काढून घ्यायच्या. मूठच नाही तर झडप उघडायची कशाने? मुठी काढायला एक पान्हा पुरतो. आणि काढलेल्या सगळ्या मुठी जिचं डोकं खाली जाणार तिच्याच गळ्यात राहतील. ती खालून बाहेर आली, तिने हाताने मुठी परत लावल्या, की मग टाका काय टाकायचं ते.

आमचे अध्यक्ष निवृत्त ओव्हरसियर, मनाने चांगले, पण प्रत्येक गोष्टीला आधी नाही म्हणायची सवय. ते म्हणाले की मुठी हरवतील, आटे झिजतील. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या की म्हणजे आता कचरा टाकायला चौकीदारणीची परवानगी लागणार. मी म्हटलं, हो, मंगळवारी लागणार. ठराव झाला.

मी माझ्या जुन्या परकराच्या जाड कापडाची पिशवी शिवली, गळ्यात अडकवायला रुंद पट्टा लावला. चौकीदारीण मजल्यामजल्यावरून मुठी काढत खाली यायची तेव्हा पिशवीत पितळ खणखणायचं. लोक दारातून चिडवायचे, आली वसुली अधिकारी. ती म्हणायची, "आज तुमच्या मजल्याची चाबी माह्या गळ्यात हाये. नीट बोला."

मग ते कापसाचं वर्ष आलं. भाव इतका पडला की वेचाईची मजुरीसुद्धा निघेना. आमच्या इमारतीत प्रत्येकाचं कोणी ना कोणी खेड्यावर होतं. कोणाचा भाऊ मुकुटबनला, कोणाचे सासरे झरी जामणीकडे. तिकडून येणारा माणूस एरवी तूर आणायचा, हरभरा आणायचा. त्या वर्षी सगळे कापूस आणायचे. विकण्यापेक्षा तुम्हीच वापरा म्हणायचे आणि गाठोडं दारात ठेवायचे. घरात कापूस आला की आमच्याकडे बाईला एकच सुचतं. पिंजारी बोलावला गेला. त्याने सरकी काढून आणलेला कापूस पार्किंगमध्ये पिंजायला घेतला आणि आख्ख्या इमारतीने गाद्या आणि रजया नव्या करून घेतल्या. माझ्याही चार झाल्या. इतक्या मऊ गादीवर मी त्याआधी झोपले नव्हते, आणि ती कशामुळे मिळाली हे माहीत असल्याने झोप लवकर लागायची नाही.

जुन्या गाद्यांमधला कापूस उरला. वर्षानुवर्षं दबून त्याचे गोळे झालेले. तो कुठे टाकायचा? पाइपात. कापूस म्हणजे कचरा नव्हे, तो जड नाही, टोचत नाही, फुटत नाही, त्याने कोणाला काय होणार, असं प्रत्येक घराने आपापल्यापुरतं ठरवलं. कापसात जन्म काढलेल्या लोकांशिवाय ही चूक कोणी केली नसती.

आमची इमारत काळ्या मातीवर आहे. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर उभं राहिलेलं सगळं थोडं थोडं हलत राहतं. पाइपाचा दुसऱ्या मजल्याच्या वरचा सांधा असाच सरकून आत काठ आला होता. गाद्यांचा कापूस त्या काठाला धरून बसला. त्यावर ओल्या भाज्या, चहाचा चोथा, पुन्हा कापूस. बूच बसलं आणि त्याच्यावर पाइप तिसऱ्या मजल्याच्या झडपेपर्यंत भरत आला.

त्या दिवशी मंगळवार नव्हता. सकाळी चौकीदारीण सांगत आली की पाइप तुंबला, तळाला रात्रीपासून काही पडलं नाही. तुंबला की बांबूने खालून ढोसायची पद्धत होती. अध्यक्ष जिन्यात भेटले, म्हणाले पाच मिनिटांचं काम, ढोसून टाका, सगळ्यांची कामं खोळंबली. चौकीदारीण मुठी काढायला पाचव्या मजल्यावर गेली. मी कचेरीत जायला साडी नेसत होते.

तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती. घरात बाळंतिणीची शेगडी चालायची: सकाळसंध्याकाळ निखाऱ्यावर ओवा आणि बाळंतशोपा टाकून आईला, लेकराला धुरी. जिन्यात ओव्याचा वास ही आमच्या अंगवळणी पडलेली गोष्ट. पण त्या सकाळी मी दार ओढून बाहेर पडले तेव्हा ओव्याच्या खाली दुसरा वास होता.

माझे वडील कापूस खरेदी केंद्रावर प्रतवारीचं काम करायचे. लहानपणी आम्ही त्यांना डबा द्यायला जायचो तेव्हा एकदा एका गंजीला आत आग लागलेली मी पाहिली होती. ज्वाला नव्हती. बाहेरून पांढरी शुभ्र गंजी, आणि वास. वडील म्हणाले होते, कापसाची आग दिसत नाही, आतल्या आत चालत जाते, आणि हवा लागली की एकदम उठते. तो वास कागदाचाही नाही आणि लाकडाचाही नाही. एकदा घेतला की विसरता येत नाही.

मी तिसऱ्या मजल्यावर पाइपाच्या भिंतीला हाताची मागची बाजू लावली. भिंत कोमट होती. थंडीच्या सकाळी. मास्तरीणबाईंना विचारलं, शेगडीची राख कुठे टाकता. त्या म्हणाल्या, पाइपात, आज झाडू मारतानाच टाकली, पण विझलेली होती.

मी जिना उतरत धावले. चाळिशीच्या आसपासची, साडी नेसलेली बाई जितकं धावू शकते तितकं. तळाच्या खोलीचं दार उघडं होतं. चौकीदारीण पाइपाखाली उभी होती, गळ्यात मुठींची पिशवी, हातात बांबू, टोक आत घातलेलं.

"वहिनी, बाहेर या."

"झालंच मॅडम. एक हुदका देतो न येतोच."

"आत आग आहे. बांबू तिथेच सोडा आणि बाहेर या."

तिने वर पाहिलं. मग बांबू भिंतीला टेकवला, नळीच्या तोंडाखाली तसाच उभा, आणि बाहेर आली. मी दार ओढलं, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

पुढच्या गोष्टी भराभर केल्या. बाळंतिणीला आणि लेकराला रस्त्यापलीकडे समोरच्या घरी पोहोचवलं, वरच्या मजल्यांवरच्यांना खाली उतरायला सांगितलं. अध्यक्षांनी अग्निशमनला फोन केला. गाडी एका जिनिंगच्या आगीवर गेली होती, त्या मोसमात रोज कुठे ना कुठे असायचीच. तिकडून सुटली की येतो म्हणाले. मला पहिली भीती हवेची होती. वारा वर ओढणारा पाइप म्हणजे भट्टीच. अध्यक्ष स्वतः गच्चीवर गेले आणि त्यांनी चिमणीला ओली पोती बांधली. मुठी नसलेल्या झडपांच्या फटीत आम्ही ओल्या चिंध्या कोंबल्या.

पार्किंगमध्ये जमलेल्यांचं म्हणणं होतं की वरून बादल्या ओता आणि मोकळे व्हा. मी नको म्हटलं. कापूस पाणी पितो. तेवढं पाणी प्यायलेलं बूच किती जड होईल आणि पाइप कुठून फोडून बाहेर येईल, सांगता येत नव्हतं. भिजवायचं, पण हलकं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या बाल्कनीत त्यांच्या दिराचा फवारणीचा पंप पडून होता. त्या वर्षी फवारणीवर खर्च करायची कोणाची इच्छा उरली नव्हती, त्यामुळे तो कोरा होता, औषधाचा थेंब त्यात गेला नव्हता. ही खात्री मी तीनदा करून घेतली. काकू चिडल्या.

चौकीदाराने पंप पाठीवर घेतला आणि तोंडाला ओला गमछा बांधला. चौकीदारणीने पिशवीतून तिसऱ्या मजल्याची मूठ काढून दिली, फक्त ती एक. झडप बोटभर उघडून त्याने नोझल आत धरलं. आतून धूर आला, मळकट, आळशी, आणि तुषार पडत गेला तसा पातळ झाला. मग प्रेसिंगमध्ये गाठी ओढायचा त्याचा जुना लोखंडी आकडा त्याने आपल्या खोलीतून आणवला. थोडं फवारायचं, आकड्याने ओढायचं, निघालेलं पाण्याच्या घमेल्यात बुडवायचं. मी आणि चौकीदारीण घमेलं धरत होतो. दर थोड्या वेळाने मी त्याला झडपेपासून दूर जिन्याच्या खिडकीशी उभा करत होते. असला धूर माणसाला सांगून पाडत नाही.

कापूस बाहेरून काळा होता. फाडला की आत लाल कड दिसायची, सुतासारखी बारीक, पांढऱ्यातून चालत जाणारी. मी ती पाहत राहिले. आवाज नाही, घाई नाही. हाताने गोळा उघडला की ती हवेने जरा पिवळी व्हायची, आणि पाण्यात गेली की चुर्र. किती घरांच्या गाद्या होत्या त्यात. कोणाच्या लग्नातली, कोणाच्या म्हाताऱ्याने शेवटचे दिवस काढलेली. काकूंनी एका गोळ्यातला चौकटीच्या कापडाचा तुकडा ओळखला.

दुपारपर्यंत वरचा ढीग निघाला. सांध्यावरचं बूच उरलं, तिसऱ्या मजल्यावरून आकडा पुरेना. ते गच्च भिजलेलं आणि वर दगडासारखं दबलेलं होतं. चौकीदारीण म्हणाली की आता आग विझली, आता खालून ढोसते, एका हुदक्यात येईल.

मी म्हटलं नाही.

"मॅडम, रोजचंच काम हाये माहं. मी नाही जाणार तं कोण जाईल खाली?"

"कोणीच नाही जाणार."

"मंग पडंल कसं ते?"

अध्यक्ष गच्चीवरून भिजून उतरले होते. तेही म्हणाले, तिला सवय आहे मॅडम, जाऊ द्या. किल्ली माझ्या कमरेला होती आणि ती काढायला कोणी येणार नव्हतं. बूच दुसऱ्या मजल्याच्या झडपेच्या जरा वर होतं. चौकीदाराने आकडा दुसऱ्या एका बांबूला बांधला, आम्ही ती झडप उघडली, तो बाजूला उभा राहिला आणि फक्त हात आत घालून त्याने बुचाची कड खालून धरली. एकदा ओढलं. दुसऱ्यांदा ओढताना बायकोकडे पाहून गोरबोलीत काहीतरी म्हणाला. ती हसली. मग आतून एक दीर्घ घसरल्याचा आवाज आला, झडपेसमोरून काहीतरी काळं गेलं, आणि पायाखालची फरशी हादरली.

मी कुलूप काढलं. खोलीच्या दारापर्यंत ओला कापूस आला होता. तिने टेकवून ठेवलेला बांबू मधोमध मोडून दोन बाजूंना पडला होता, हाताच्या मुठीएवढा जाड बांबू. ढिगाच्या वर एक फुटका पाटा होता. कोणी, कधी टाकला, माहीत नाही. चौकीदारीण त्या बांबूकडे पाहत राहिली. मग एवढंच म्हणाली, "याडी." याडी म्हणजे आई.

अध्यक्षही दारात उभे होते. त्यांनी बांबूचा एक तुकडा उचलला, पाहिला, आणि खाली ठेवला. त्यानंतर इतक्या वर्षांत मंगळवारच्या मुठींबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही.

अग्निशमनची माणसं संध्याकाळ व्हायच्या आत आली, दमलेली, काळवंडलेली. त्यांनी ढीग उपसून भिजवला, पाइपाला प्रत्येक मजल्यावर हात लावून पाहिला, थंड आहे म्हणाले. मग मी चौकीदाराला गच्चीवर पाठवलं की पोती सोड. तळाचं दार उघडंच होतं.

त्याने पोती सोडली आणि इमारतीने श्वास घेतला. दुसरा शब्द मला सापडत नाही. खोलीत पडलेल्या चिंध्या पाइपाच्या तोंडाकडे सरकल्या. आतल्या भिंतींना लागलेला कोरडा कापूस सुटू लागला आणि वर निघाला. पार्किंगमधून कोणीतरी वर पाहा म्हणालं. गच्चीवरच्या चिमणीतून पांढरं निघत होतं. धूर नव्हे, कापूस. पुंजके वर जाऊन सुटे व्हायचे, उन्हात थांबायचे आणि धामणगाव रोडच्या दिशेने जायचे. लेकराला घेऊन बाळंतीण समोरच्या दारात आली. त्या वर्षी आम्ही सगळ्यांनी कापूस पुष्कळ पाहिला होता, गाडीत, बाजारात, दारात, नकोसा झालेला. असा कोणी पाहिला नव्हता.

चौकीदारीण तेवढ्यात तळाच्या खोलीत गेली होती. तिने आतून हाक मारली. "मॅडम, इकडे या. हे पाहा तं खरं."

ती नळीखाली मान वर करून उभी होती. मला जागा द्यायला बाजूला सरकली. मी सचिव झाल्यापासून त्या तोंडाखाली कोणी कसं उभं राहावं याचे नियम केले होते, पण स्वतः कधी उभी राहिले नव्हते. मी आधी तिच्याकडे पाहिलं. तिने पिशवी हलवली. सगळ्या मुठी होत्या. तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या काम झाल्याबरोबर तिने परत काढून घेतल्या होत्या.

मी वाकले आणि मान आत घातली. पाच मजले अंधार, आणि त्याच्या टोकाला नाण्याएवढं आभाळ, निळं. माझ्या गालांवरून कापसाचे तंतू वर जात होते, एकामागून एक, त्या निळ्याकडे. मागे पितळ हळू खणखणत होतं. मी वर पाहत राहिले.